शेंद्र्याची ऑक्टाव्हिया: जपायची की चमकवायची?

2004 मध्ये स्कोडाने भारतात ऑक्टाव्हिया आरएस आणली. 1.8 लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, प्रत्येक सिलिंडरला पाच व्हॉल्व्ह, 150 अश्वशक्ती, 210 न्यूटन-मीटर टॉर्क आणि पाच गिअर. त्या काळात गावोगाव दिसणाऱ्या मारुती 800 ची ताकद हिच्या जेमतेम पावपट होती. आपल्याकडे टर्बो म्हणजे डिझेल हे समीकरण पक्कं झालं होतं, आणि कारखान्यातून टर्बो पेट्रोल घेऊनच विक्रीला आलेली भारतातली पहिली गाडी म्हणून आरएसचं नाव घेतलं जातं. ही गाडी जुळली ती तेव्हाच्या औरंगाबादजवळ, आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या शेंद्रा औद्योगिक वसाहतीत. आमच्या परभणीपासून दोनशे किलोमीटरच्या आत. आता तिला वीस वर्षं उलटून गेली आहेत. अशी एखादी कमी रनिंगची आरएस कुठे हाती लागली की घेणारा सहसा दोन गोष्टी करतो. मीटरवरचा आकडा पाहून किंमत ठरवतो, आणि गाडी शोरूममधून आल्यासारखी दिसावी म्हणून लगेच डेंटिंग-पेंटिंगला टाकतो. या दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत असं माझं म्हणणं आहे. ही गाडी मराठवाड्याच्या औद्योगिक इतिहासाचं अस्सल साधन आहे. म्हणून जुन्या दस्तऐवजाला लावतो तीच शिस्त तिला लावली पाहिजे: आधी खरेपणा तपासायचा, मग जपायचं, आणि टाळता येणार नाही तेवढीच दुरुस्ती करायची.

मोटारगाडीला इतिहासाचं साधन म्हणणं अतिशयोक्तीचं वाटत असेल, तर परभणीला चाकं कशी लाभली हे आधी पाहावं. निजामाच्या राज्यात मनमाड–सिकंदराबाद हा मीटरगेज लोहमार्ग 1900 च्या सुमारास पूर्ण झाला आणि सेलू, परभणी, पूर्णा ही नावं रेल्वेच्या नकाशावर आली. निजाम स्टेट रेल्वेने 1932 मध्ये 27 गाड्यांनिशी बससेवा सुरू केली. वाहतूक आली ती राज्यकर्त्यांच्या सोयीने आणि मालाच्या हिशोबाने. कापूस गाडीत भरून बाहेर जायचा आणि तयार वस्तू बाहेरून यायच्या. 1948 मध्ये निजामी राजवट संपली, 1956 मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला, 1960 मध्ये महाराष्ट्र झाला. तरी हा हिशोब फारसा बदलला नाही. 1972 मध्ये परभणीला कृषी विद्यापीठ आलं, पण कारखाने आले नाहीत. 1974 च्या मराठवाडा विकास आंदोलनात विद्यार्थी रस्त्यावर उतरले ते नोकऱ्या, उद्योग आणि ब्रॉडगेज मागत. पुढे 1983 मध्ये नेमलेल्या दांडेकर समितीने प्रादेशिक अनुशेष मोजून दाखवला, आणि आंदोलनातली तक्रार आकड्यांत उतरली.

या पार्श्वभूमीवर 1985 हे वर्ष महत्त्वाचं ठरतं. त्या वर्षी बजाज ऑटोचा वाळूजचा कारखाना सुरू झाला. त्याच्या आधाराने एन्ड्युरन्स, व्हॅरॉक, बडवे असे सुटे भाग बनवणारे उद्योग वाढले. मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांतून आयटीआय केलेली मुलं लेथवर, प्रेसवर, असेंब्ली लाइनवर उभी राहिली. कुशल हातांची ही पिढी तयार नसती, तर या शतकाच्या सुरुवातीला स्कोडासारखी चेक कंपनी शेंद्र्यात येण्याचं धाडस करती ना. 2001 मध्ये ऑक्टाव्हिया बाजारात आली आणि तीनच वर्षांनी त्याच कारखान्यातून आरएस बाहेर पडली. 1974 च्या आंदोलनापासून 2004 च्या आरएसपर्यंत तीस वर्षांचं अंतर आहे. ज्या प्रदेशाने साधे कारखाने मागितले होते, त्याच प्रदेशात देशातल्या त्या वेळच्या सर्वांत वेगवान सेडानांपैकी एक जुळत होती. ही प्रगती पुरेशी होती असं कोणी म्हणणार नाही. पण ती झाली, आणि तिचा हात लावून पाहता येईल असा पुरावा म्हणजे ही गाडी.

ती दुर्मिळ का झाली याचं कारणही त्याच काळात आहे. ऑक्टाव्हियाचं नाव आपल्याकडे झालं ते 1.9 लिटरच्या डिझेल इंजिनामुळे. ताकद फक्त 90 अश्वशक्ती, पण ॲव्हरेज उत्तम, आणि डिझेल तेव्हा पेट्रोलपेक्षा बरंच स्वस्त. डॉक्टर, बिल्डर, अडते, कारखानदार यांनी ती डोळे झाकून घेतली. त्याच देहाची, पण पेट्रोल पिणारी आणि महाग आरएस घेणारा गिऱ्हाईक वेगळा होता. स्कोडाच्या आरएस या नावामागे 1974 च्या 180 आरएस आणि 200 आरएस या रॅलीच्या गाड्यांची परंपरा आहे. 1999 मध्ये ऑक्टाव्हिया जागतिक रॅली स्पर्धेत उतरली आणि 2000 मध्ये युरोपात 180 अश्वशक्तीची रस्त्यावरची आरएस आली. ते सारं समजून भारतातली आरएस विकत घेणारे थोडे होते. मराठवाड्यात पैसा किंवा हौस नव्हती असं मात्र नाही. ऑक्टोबर 2010 मध्ये औरंगाबादच्या मंडळींनी एकाच दिवशी 150 मर्सिडीज गाड्या घेतल्या, सुमारे 65 कोटी रुपयांच्या, आणि देशभर त्याची बातमी झाली. त्या 150 गाड्या प्रदेशाची ऐपत दाखवतात. आरएस प्रदेशाच्या हाताचं कसब दाखवते. इतिहासाला दुसऱ्या गोष्टीची गरज जास्त आहे, कारण तिची बातमी झाली नाही.

इथे पहिला आक्षेप येतो. शेंद्र्यात गाडी बनली कुठे? सुटे भाग खोक्यांतून चेक प्रजासत्ताकातून यायचे, इथे फक्त जुळवले जायचे. मग ती मराठवाड्याची कशी? वस्तुस्थिती म्हणून हे खरं आहे, पण त्यातून काढलेला निष्कर्ष खरा नाही. महाराष्ट्रातल्या मोटारधंद्याचा सगळा इतिहासच जुळणीपासून सुरू होतो. जनरल मोटर्सने 1928 मध्ये मुंबईत शिवडीला गाड्या जुळवायला घेतल्या. वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये स्थापन केलेल्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातही आधी परदेशी गाड्यांची जुळणीच होत होती. फियाटचे भाग इथे घडू लागले ते पुढे, टप्प्याटप्प्याने. तरीही ऑक्टोबर 2023 मध्ये प्रीमिअरची शेवटची पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून गेली तेव्हा ती इटलीची म्हणून कोणी निरोप दिला नाही. मुंबईची म्हणूनच दिला. जी वस्तू एका गावाच्या हातांनी उभी राहते आणि त्याच मुलखाच्या रस्त्यावर झिजते, ती त्या मुलखाची होते. शिवाय 2020 मधली आणि 2025 मधली ऑक्टाव्हिया आरएस पूर्ण तयार होऊन परदेशातून आली. 2025 ची 100 गाड्यांची, सुमारे 50 लाखांची तुकडी हातोहात संपली. या तुलनेत शेंद्र्याच्या कामगाराने स्वतः बोल्ट आवळलेल्या 2004 च्या आरएसचं मोल वाढतंच.

गाडी साधन आहे हे एकदा मान्य केलं की पुढचा प्रश्न खरेपणाचा. जाहिरातीत लिहिलेलं असतं: सिंगल ओनर, रनिंग फक्त तीस हजार. हा आकडा एकटा काहीच सिद्ध करत नाही. ब्रिटनमध्ये तीन वर्षांवरच्या खाजगी गाडीची दर वर्षी तपासणी होते आणि मीटरचा आकडा सरकारी नोंदीत जातो. आपल्याकडे खाजगी गाडीला पहिली पंधरा वर्षं अशी तपासणीच नाही. पीयूसी होते ती धुराची. या गाडीचं मीटर काट्यांच्या तबकड्यांचं दिसत असलं तरी किलोमीटरचा आकडा इलेक्ट्रॉनिक स्मृतीत साठवलेला असतो, आणि लॅपटॉप व केबल घेऊन तो बदलणारे लोक बाजारात आहेत. म्हणून जाणकार मीटरकडे शेवटी पाहतो. तो क्लच आणि ब्रेकच्या पेडलांचं रबर पाहतो, ड्रायव्हरच्या सीटची दाराकडची कड दबली आहे का ते पाहतो, स्टिअरिंगच्या चामड्याचं दाणेदारपण बोटाने तपासतो. ब्रेक डिस्कच्या कडेला किती उंच धार उरली आहे यावरून ती किती घासली ते कळतं. टायरच्या बाजूवर चार अंकी आकडा असतो, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. तीस हजार चाललेल्या गाडीला टायरचा तिसरा संच का लागला, याचं उत्तर विकणाऱ्याकडे हवं. काचांवरही उत्पादनाच्या खुणा असतात; पाच काचा एका वर्षाच्या आणि सहावी वेगळी, तर त्या बाजूला काहीतरी झालेलं आहे. रंगाची जाडी मोजायचं छोटं यंत्र मिळतं. कारखान्याचा रंग साधारण 100 ते 150 मायक्रॉन भरतो. एखाद्या पत्र्यावर आकडा त्याच्या दुपटी-तिपटीने आला तर खाली पुट्टी आहे हे समजावं.

परभणी जिल्ह्यात हे साक्षीपुरावे वाचताना एक स्थानिक काळजी घ्यावी लागते. कोकणात किंवा मुंबईत जुनी गाडी मरते ती गंजाने. आपल्याकडे खारा वारा नाही, त्यामुळे पत्रा आणि गाडीचा तळ चांगला टिकतो. पण मे महिन्यातलं परभणीचं ऊन रबर, गोंद आणि प्लॅस्टिक यांना सोडत नाही. या पिढीच्या ऑक्टाव्हियात दारांच्या आतल्या मुठींवर आणि बटनांवर मऊ लेप दिलेला असतो. उष्णतेने तो चिकट होतो आणि नखाने सोलून निघतो. छताच्या आतलं कापड गोंद सुटून खाली लोंबतं. नवखा गिऱ्हाईक हे पाहून म्हणतो, गाडी फार वापरलेली दिसते. प्रत्यक्षात ते रनिंगमुळे झालेलं नसतं, उन्हात उभ्या राहिल्याने झालेलं असतं. उलट पेडलं झिजलेली आणि आतलं सगळं चकचकीत असेल, तर संशय वाढला पाहिजे. ऊन आणि रस्ता यांच्या खुणा वेगळ्या करता येणं, हेच इथल्या परीक्षकाचं खरं कौशल्य.

गाडीइतकेच तिचे कागदही पाहायला हवेत. आरसी बुक, पहिल्या खरेदीचं बिल, शिक्के मारलेलं सर्व्हिस बुक, जुन्या विम्याच्या पावत्या, दोन्ही चाव्या. सर्व्हिस बुकातल्या प्रत्येक शिक्क्यासमोर तारीख आणि किलोमीटर असतात. ते क्रमाने वाढत गेले आहेत का, मध्येच चार वर्षांचा खड्डा आहे का, हे पाहिलं की मीटरच्या आकड्याला आधार मिळतो किंवा तो कोसळतो. चासी नंबर आणि इंजिन नंबर आरसीशी अंक न् अंक जुळले पाहिजेत. दिल्ली परिसरात पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर निर्बंध आल्यापासून तिथल्या चांगल्या गाड्या एनओसी घेऊन इतर राज्यांत येतात. अशी गाडी एमएच 22 वर नोंदवायची तर इथला कर भरून नवं पासिंग करावं लागतं. व्यवहाराआधीच परभणीच्या आरटीओत चौकशी केलेली बरी. राज्यातल्याच गाडीला फक्त मालकी बदलावी लागते, आणि तिचा मूळ नंबर राहतो. तो नंबरही तिच्या इतिहासाचा भाग आहे. नवी उच्च सुरक्षा पाटी लावणं कायद्याने बंधनकारक आहे. जुनी पाटी मात्र भंगारात देऊ नये, कागदांसोबत ठेवावी.

आता दुरुस्ती. कमी धावलेली गाडी म्हणजे बहुधा बराच काळ उभी राहिलेली गाडी, आणि उभं राहणं इंजिनाला मानवत नाही. अशी गाडी मिळाली की पहिला मोह असतो तो नवी बॅटरी जोडून सेल्फ मारण्याचा. तसं करू नये. टाकीतलं वर्षानुवर्षांचं पेट्रोल आधी काढावं. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं तेल सोडावं, ते मुरू द्यावं, आणि क्रँकच्या बोल्टला पाना लावून इंजिन हाताने फिरवून पाहावं. कुठे अडलं तर जोर न लावता थांबावं. टायमिंग बेल्ट किलोमीटरइतकाच वर्षांनीही म्हातारा होतो. वीस हजारच चाललेली गाडी म्हणून मूळ बेल्टवर सुरू केली आणि तो तुटला, तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि ज्या इंजिनासाठी गाडी घेतली तेच हातचं जातं. बेल्टसोबत टेन्शनर आणि वॉटर पंपही बदलावा. या 1.8 टर्बो इंजिनात जुनं तेल घट्ट होऊन गाळ साचतो, म्हणून खालचं चेंबर उतरवून तेल ओढणारी चाळणी साफ करावी. ती तुंबली तर टर्बोला तेल पोचत नाही आणि तो पहिल्याच मोठ्या चढावर जातो. ब्रेकचं तेल हवेतला ओलावा शोषतं, ते पूर्ण बदलावं. गाडी धान्याच्या गोदामाशेजारी उभी असेल तर उंदरांनी वायरिंग कुरतडलं आहे का ते बोनेटखाली टॉर्च मारून पाहावं. पेट्रोलमध्ये आता 20 टक्के इथेनॉल असतं, तेव्हा इंधनाचे जुने रबरी पाइप बदललेलेच बरे. दिलासा एवढाच की याच कुळातलं इंजिन ऑडी, फोक्सवॅगन पासाट आणि गोल्फमध्ये जगभर वापरलं गेलं. त्यामुळे बेल्ट, पंप, कॉइल, सेन्सर आजही मिळतात. मिळत नाहीत ते खास आरएसचे भाग: बंपर, सीटा, तबकड्या, चिन्हं. म्हणून जे मिळतं ते बदलावं आणि जे मिळत नाही त्याला जिवापाड जपावं. जतनाचा सगळा विवेक या एका वाक्यात येतो.

यावर दुसरा आक्षेप असा की एवढा खर्च करायचाच, तर गाडी पूर्ण उघडून, खरवडून, नव्याने रंगवून झकास का करू नये? मालकाला आनंद मिळतो, रस्त्यावर लोक वळून पाहतात. त्या आनंदाला माझी हरकत नाही. पण रंग पुन्हा देता येतो, कारखान्याचा पहिला रंग पुन्हा देता येत नाही. तो एकदा खरवडला की शेंद्र्यात 2004 मध्ये जे बाहेर पडलं ते काय होतं हे सांगणारी वस्तू संपते, आणि उरते ती एका गॅरेजच्या आजच्या कामाची वस्तू. जुन्या वाहनांच्या जागतिक संघटनेने, फिव्हाने, 2012 मध्ये स्वीकारलेली ट्यूरिन सनद हेच सांगते: आधी जतन, मग आवश्यक ती डागडुजी, आणि पुनर्निर्माण अगदी शेवटी. आपला कायदाही नकळत त्याच बाजूला आहे. केंद्राच्या जुलै 2021 च्या नियमांनुसार पन्नास वर्षांवरची गाडी विंटेज म्हणून नोंदवायची तर ती मूळ स्वरूपात हवी. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल झालेला चालत नाही. आज हौसेने इंजिन बदललं किंवा बॉडी कापून रुंद केली, तर 2054 साली ही गाडी त्या दारातून आत जाणार नाही.

पण 2054 पर्यंत ती पोचेल का, हाच खरा पेच आहे. पंधरा वर्षांनंतर गाडी कायद्याच्या नजरेत जुनी होते आणि पन्नास वर्षांनंतर वारसा. मधली पस्तीस वर्षं तिला कोणी वाली नाही. 2004 ची गाडी 2019 मध्ये पहिल्यांदा नूतनीकरणाला आली, मग दर पाच वर्षांनी. या नूतनीकरणाची फी एप्रिल 2022 पासून 600 वरून 5,000 रुपयांवर गेली, उशिराच्या प्रत्येक महिन्याला 300 रुपये दंड आला, आणि 2025 मध्ये वीस वर्षांवरच्या गाड्यांसाठी फी 10,000 झाली. पर्यावरण कर वेगळा. जुन्या गाड्या धूर सोडतात, त्या हटवायलाच हव्यात, हा तिसरा आक्षेप इथे मांडला जातो, आणि रोज शंभर किलोमीटर धावणाऱ्या खटाऱ्यांबाबत तो रास्त आहे. महिन्यातून दोनदा बाहेर निघणाऱ्या, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर शाबूत असलेल्या, पीयूसीत पास होणाऱ्या गाडीला तोच न्याय लावणं मात्र चूक. फिव्हाच्या व्याख्येत तीस वर्षांची गाडी ऐतिहासिक धरली जाते. आपल्याकडेही पंधरा आणि पन्नास यांच्यामध्ये, मूळ स्वरूपातल्या आणि कमी वापराच्या गाड्यांसाठी, एक मधली नोंदणी असावी.

शेवटचा आक्षेप सर्वांत गंभीर आहे. ज्या जिल्ह्यात पाऊस रुसला की शेतकऱ्याच्या घरात चूल पेटायची पंचाईत होते, तिथे श्रीमंताच्या गाडीला वारसा म्हणणं शोभतं का? हा प्रश्न टाळण्यासारखा नाही. पण श्रीमंताचं या गाडीत काय आहे? तिची किंमत आणि पहिला मालक. बाकी जे आहे ते कामगाराचं. आपण देवगिरीचा किल्ला यादवांसाठी जपत नाही आणि औरंगाबादचं हिमरू कापड सरदारांसाठी जपत नाही. ज्यांनी दगड घडवला आणि धागा विणला त्यांच्या कौशल्यासाठीही जपतो. गरीब मुलखाचे श्रम नेहमी दुसऱ्याच्या नावावर जमा होतात, म्हणून त्यांच्या खुणा जपण्याची गरज तिथे अधिक आहे. वाळूज आणि शेंद्र्याच्या पहिल्या पिढीचे कामगार आता निवृत्तीच्या उंबरठ्यावर आहेत. गाडी जपली आणि त्यांच्या आठवणी नोंदवल्या नाहीत, तर अर्धाच पुरावा हाती राहील.

म्हणून ज्यांच्याकडे अशी गाडी आहे त्यांना सांगणं एवढंच. सेलूत, मानवतला, गंगाखेडला किंवा जिंतूरला एखाद्या शेडमध्ये कव्हरखाली आरएस उभी असेल, तर तिला रंगाऱ्याकडे नेण्याआधी तिचे कागद एका फाइलीत लावा, नोंदणी संपली असेल तर आधी ती करून घ्या, इंजिन जाणत्या मिस्त्रीकडून उघडून घ्या आणि मूळ भागातला एकही तुकडा टाकू नका. विकायची वेळ आली तर सर्व्हिस बुक गाडीसोबत द्या. आणि वर्षातून एकदा तरी, परभणीहून पाथरीच्या रस्त्याला लावून, ती चालवा. न चालणारी गाडी जपलेली नसते, नुसती ठेवलेली असते.